प्रचालन, परिरक्षण आणि साक्ष : ‘कोर्ट’ या चित्रपटाचे एक वाचन

प्रस्तावना

चैतन्य ताम्हाणे लिखित-दिग्दर्शित ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ साली व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथम दाखविला गेला व तेथील ‘ओरिझोन्ती’ विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानकरी ठरला. त्याच वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. एप्रिल २०१५ मध्ये तो भारतात प्रदर्शित झाला आणि पुढे ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषांतून वावरणाऱ्या या चित्रपटाची चर्चा पुष्कळ झाली. ती प्रामुख्याने दोन अंगांनी झाली, असे दिसते. एक, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी. आणि दोन, न्यायप्रक्रियेचा संथपणा व तिच्यातील असंवेदनशीलता. ही दोन्ही वाचने चुकीची नाहीत. मात्र ज्या मृत्यूभोवती हा खटला उभा आहे त्या मृत्यूचे स्वरूप त्यांत दुय्यम ठरते. वासुदेव पवार हा कामगार मुंबईच्या मॅनहोलमध्ये गुदमरून मेलेला आहे. शहराची गटारे वाहती ठेवणे हे त्याचे काम होते. गाणे, शाहीर, न्यायाधीश, वकील हे सारे त्यानंतर येतात.

महानगरपालिकेच्या कार्यालयीन मराठीत या कामासाठी दोन शब्द रूढ आहेत : ‘प्रचालन’ आणि ‘परिरक्षण’. बृहन्मुंबई महानगरपालिकेत ‘मलनिःसारण प्रकल्प’ आणि ‘मलनिःसारण प्रचालन’ अशी दोन वेगळी खाती आहेत. प्रकल्पाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. प्रचालनाला कोनशिला नसते. काम नीट चालले आहे याची एकच खूण असते, ती म्हणजे कोणाच्याही काही लक्षात न येणे. ‘कोर्ट’ हा चित्रपट या लक्षात न येण्याविषयीचा आहे आणि त्याचे खरे सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी तेथेच शोधाव्या लागतात, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

आरोपाची जागा

चित्रपटाच्या आरंभी नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर मुलांची शिकवणी घेताना दिसतो. तेथून तो एका वस्तीतील कार्यक्रमाला जातो, मंचावर गातो आणि गाणे संपताच पोलीस त्याला ताब्यात घेतात. (वीरा साथीदार यांनी साकारलेली ही भूमिका चित्रपटाचा कणा आहे. साथीदार यांचे २०२१ साली करोनाने निधन झाले. गाण्यांमागील ठसका संभाजी भगत यांचा आहे.) आरोप असा की, त्याने पूर्वी एका वस्तीत गायिलेल्या गाण्यात गटारकामगारांनी गटारातच जीव द्यावा असे आवाहन होते आणि ते ऐकून वासुदेव पवारने आत्महत्या केली. कलम लागते ते आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील ३०६. (१ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.)

या आरोपाची हास्यास्पदता बहुतेक समीक्षकांनी टिपली आहे. परंतु हा आरोप हास्यास्पद असला तरी निरुपयोगी नाही, याकडे लक्ष वेधले पाहिजे. तो एक नेमके काम करतो. मृत्यूचे कारण तो गटारातून उचलतो आणि गाण्यात नेऊन ठेवतो. एकदा ते गाण्यात गेले की प्रश्न उरतो तो शाहिराच्या हेतूचा. कामगाराला त्या दिवशी आत कोणी पाठविले, त्याच्या हाती काय दिले होते, वर दोर धरून कोणी उभे होते का, आत उतरण्यापूर्वी झाकण किती वेळ उघडे ठेवले होते, हे प्रश्न अभियोगाला विचारावेच लागत नाहीत. सुरक्षासाधनांविना तो आत उतरला ही बाबही अभियोग पक्षाच्या हाती त्याच्या मरणेच्छेची खूण बनते. अनुभवी माणूस धोका जाणून होता, तरी साधनांशिवाय उतरला. म्हणजे त्याला मरायचेच होते. व्यवस्थेने जे दिले नाही, त्याचा पुरावा मृताविरुद्ध वापरण्याची ही रीत भयंकर आहे. चित्रपट ती कोणताही आवाज न चढविता दाखवितो.

येथे कायद्याच्या भाषेकडे थोडे वळावे लागते. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिलेली आहेत. त्या यादीच्या अगदी आरंभीच गटारे बांधणे, ती सुस्थितीत राखणे व साफ करणे यांचा उल्लेख येतो. या वाक्यात क्रियापदे आहेत, कर्ता ‘महापालिका’ आहे. पण प्रत्यक्ष साफ करणारा हात त्यात नाही. कायद्याचे वाक्य असेच असणार, हे मान्य. परंतु कर्ता संस्था आणि करणारा माणूस यांच्यामधली ही मोकळी जागा पुढे ठेक्याने भरली जाते, आणि अपघात झाल्यावर तीच जागा दोन्ही बाजूंना हात झटकण्यास पुरते. ‘हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन’ करणारा २०१३ चा कायदा ही जागा काही अंशी बुजवू पाहतो. गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईला त्याच्या कलम ७ ने बंदी केली आणि कलम ९ ने पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मात्र ‘धोकादायक सफाई’ची व्याख्याच अशी की, संरक्षक साधने न देता करवून घेतलेली सफाई तेवढी धोकादायक. साधने दिली असे कागदावर दिसले की माणूस आत उतरू शकतो. हा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये अमलात आला. ‘कोर्ट’ त्यानंतर वर्षभराच्या आत पडद्यावर आला. वासुदेवच्या मृत्यूचा खटला ज्या कलमाखाली चालवता आला असता, ते कलम उपलब्ध असण्याच्या काळात तो भलत्याच कलमाखाली चालविला जातो, हे लक्षात घेतले की चित्रपटातील विडंबन अधिक धारदार होते.

झुरळ, खडा आणि दारू

चित्रपटाच्या मध्यावर वासुदेवची पत्नी साक्षीसाठी उभी राहते. हा प्रसंग प्रस्तुत वाचनाचा केंद्रबिंदू आहे. ही भूमिका करणारी स्त्री व्यावसायिक अभिनेत्री नाही. तिच्या स्वतःच्या आयुष्यातही याच कामाने वैधव्य आणलेले आहे. ती रडत नाही, आवाज चढवत नाही, विचारले तेवढेच सांगते. नवरा दारू प्यायचा, कारण त्याशिवाय त्या घाणीत उतरवत नसे. एक डोळा गॅसने गेलेला होता. सुरक्षेची साधने त्याला कधी मिळालीच नव्हती. उतरण्यापूर्वी तो मॅनहोलमध्ये खडा टाकायचा आणि झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा. झुरळ आले तर आत हवा आहे, मग उतरायचे.

या शेवटच्या तपशिलावर प्रेक्षक हळहळतो आणि पुढे जातो. समीक्षेने मात्र येथे थांबले पाहिजे. कारण हा नुसता करुण तपशील नाही, ती एक कार्यपद्धती आहे. ज्या खात्याकडे वायुमापक यंत्र असायला हवे, त्या खात्याच्या कामगाराने आपल्यापुरती उभी केलेली ही चाचणी आहे. तिच्यात निरीक्षण आहे, अनुमान आहे, पिढ्यांचा अनुभव आहे. आणि ती अपुरी आहे. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य प्राणवायूविना कुजू लागले की हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. अल्प प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे धोका वाढला की इशारा थांबतो. त्याहून अधिक प्रमाणात काही श्वासांत माणूस कोसळतो. डोळ्यांना होणारी इजा हाही याच वायूचा परिणाम. त्यामुळे साक्षीतील गेलेला डोळा आणि शवचिकित्सेतील गुदमरणे ही एकाच कारणाची दोन टोके आहेत. सपाट भूमीवर वसलेल्या मुंबईसारख्या शहरात सांडपाणी पुरेशा उताराने वाहत नाही, ते ठिकठिकाणी उपसून पुढे ढकलावे लागते. जेथे वेग मंदावतो तेथे गाळ बसतो. या गाळात वायू कोंडून राहतो आणि गाळ ढवळला की एकदम मोकळा होतो. झुरळ जिवंत बाहेर आले ते गाळ हलविण्यापूर्वी. कामगार आत गेल्यावर पहिले फावडे मारतो ते त्यानंतर. वासुदेवची चाचणी वरची हवा सांगते, गाळाखालची सांगत नाही. त्याला हे ठाऊक असेल वा नसेल. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता एवढे खरे.

दारूचेही तसेच. न्यायालयात दारू हा मृताच्या चारित्र्याचा प्रश्न बनण्याची शक्यता असते. पत्नीच्या तोंडी मात्र ती कामाचे हत्यार म्हणून येते, जसे फावडे, जसा दोर. खात्याने मुखवटा दिला नाही, म्हणून त्याने आपल्या मजुरीतून एक मुखवटा विकत घेतला. या बाईच्या साक्षीत प्रचालनाचा सगळा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे नोंदले गेले आहे.

नोंदले गेले आहे काय? चित्रपटाने येथे एक सूक्ष्म गोष्ट दाखविली आहे. साक्षीदार मराठीत बोलतो. न्यायाधीश सदावर्ते ते ऐकतात आणि टंकलेखकाला इंग्रजीत त्याचा गोषवारा सांगतात. खटल्याच्या कागदावर उतरते ते न्यायाधीशांचे वाक्य. झुरळाचे वाक्य गोषवाऱ्यात कसे बसवायचे? खडा टाकण्याची क्रिया कोणत्या मुद्द्याशी संबद्ध? भारतीय कनिष्ठ न्यायालयांत वावरलेल्या कोणालाही ही पद्धत अपरिचित नाही आणि तिच्यात कोणाचा दुष्ट हेतूही नसतो. परंतु कामगाराचे ज्ञान व्यवस्थेच्या दप्तरात का पोहोचत नाही, याचे याहून साधे आणि अचूक चित्रण मराठी चित्रपटात विरळाच आढळेल.

कॅमेऱ्याचे अंतर

‘कोर्ट’मधील कॅमेरा बहुधा स्थिर असतो, दूर असतो आणि प्रसंग संपल्यावरही काही क्षण तेथेच राहतो. या शैलीचे कौतुक झाले तसे तिला थंड, परकी असेही म्हटले गेले. या शैलीचा विषयाशी असलेला संबंध तपासला तर हा आक्षेप पुरता टिकत नाही. शहराचे प्रचालन ही मोठ्या चौकटीत घडणारी गोष्ट आहे. जवळून पाहिले तर एक माणूस दिसतो, दुरून पाहिले तर रांग, खिडकी, तारीख, टेबल दिसते. न्यायालयाच्या चौकटीत सतत इतर पक्षकार, इतर खटले, पंखे, फाइली यांची गर्दी आहे. एका बाईला बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून पुढची तारीख मिळते. एक पंच-साक्षीदार अनेक खटल्यांत पोलिसांचा ठरावीक साक्षीदार असल्याचे उघड होते. यांतील कोणतीच गोष्ट कथानक पुढे नेत नाही. पण न्यायालय हीही एक सार्वजनिक सुविधाच आहे आणि तिचेही परिरक्षण झालेले नाही, हे त्यातून हळूहळू जाणवत जाते.

मात्र या अंतराचा एक परिणाम असा की, चित्रपटाने निवडलेली बाजू दिसते. तो खटल्यातील माणसांच्या मागोमाग न्यायालयाबाहेर जातो. बचाव पक्षाचा वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर) याचे सुखवस्तू एकाकी आयुष्य दिसते. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलने घरी जाते, सहप्रवासिनीशी तेलाच्या व मधुमेहाच्या गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाक करते. दिवसभर माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी झटणारी ही बाई तेवढीच राबणारी, तेवढीच साधी आहे हे कळते. न्यायाधीश सदावर्ते सुटीत सहलीला जातात आणि अंगठीतील खड्यांचे व अंकशास्त्राचे सल्ले देतात. तीन घरे, तीन संध्याकाळी. चौथी, म्हणजे वासुदेवच्या पत्नीची संध्याकाळ चित्रपटात नाही. वासुदेव तर पडद्यावर कधी येतच नाही. ज्या मॅनहोलमध्ये तो मेला त्याचे झाकण उघडून कॅमेरा आत डोकावत नाही.

हे मुद्दाम केलेले आहे, असे म्हणता येईल : न्यायालयाला जे दिसत नाही ते प्रेक्षकालाही दिसू द्यायचे नाही. हा युक्तिवाद बव्हंशी पटण्यासारखा आहे. गटारात बुडालेल्या माणसाचे चित्र दाखवून मिळविलेला कळवळा स्वस्त ठरला असता, हेही खरे. परंतु मग महापालिकेचे काय? वासुदेवच्या कामावर देखरेख करणारा मुकादम, कनिष्ठ अभियंता, ठेकेदार यांपैकी कोणाचीही संध्याकाळ चित्रपटात नाही. न्यायव्यवस्थेतील माणसांना चित्रपट जो समजूतदारपणा देऊ करतो, तो नगरव्यवस्थेतील माणसांना देत नाही. त्यांना आरोपीही करत नाही. ती यंत्रणा चित्रपटात निनावी राहते. ‘कोर्ट’ न्यायालयाचे परीक्षण करता करता एका बाबतीत न्यायालयासारखाच वागतो, ही त्याची मर्यादा नोंदविली पाहिजे. ती नोंदविल्याने चित्रपटाचे मोल कमी होत नाही.

शहराला मॅनहोल आठवतो तो निराळ्या वेळी. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली, पाणी ओसरावे म्हणून एक झाकण उघडले गेले आणि त्यात पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर उघडी मॅनहोल हा उच्च न्यायालयात आणि वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे चर्चेचा विषय राहिला. झाकणांखाली जाळ्या बसविण्याची मोहीम निघाली. ते आवश्यकच होते. पण वरून पडणाऱ्यासाठी जाळी आणि खाली उतरणाऱ्यासाठी झुरळ, हा फरक नजरेआड करता येत नाही.

पैसे आणि काम

साक्षीनंतर व्होरा त्या बाईला आपल्या गाडीतून सोडायला जातो. वाटेत तो तिला पैसे देऊ करतो. ती ते घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. चित्रपटातील हे बहुधा सर्वांत अवघडलेले क्षण आहेत, कारण व्होराची सहृदयता खरी आहे आणि तरीही ती चुकीच्या जागी पडते. बाईचे जे घेणे आहे ते व्होराकडून नाही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निर्णय देताना १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने गोवंडीतील एका खासगी गृहसंस्थेची सेप्टिक टाकी साफ करताना २०१९ मध्ये मेलेल्या तीन कामगारांच्या विधवांना भरपाई देण्यास शासनाला सांगितले. म्हणजे हक्क कागदावर होता आणि आहे. पण त्या गाडीत त्याचा उच्चार होत नाही. दोन माणसे दानाची आणि कामाची भाषा बोलतात, हक्काची भाषा दोघांच्याही तोंडी येत नाही. व्होरा तर मानवी हक्कांचा वकील आहे.

पुण्यातील एक उदाहरण

‘कोर्ट’ने जी जागा रिकामी ठेवली ती मराठीत सर्वस्वी रिकामी नव्हती. अरुण ठाकूर व महम्मद खडस यांच्या ‘नरक सफाईची गोष्ट’ या पुस्तकाने सफाई कामगारांचे जग मराठी वाचकांसमोर आधीच आणले होते. अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांवर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला. परंतु या संदर्भात अधिक महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे पाऊल. २०१२ मध्ये पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे महात्मा फुल्यांवरील नाटक रंगमंचावर आणले, आणि त्यातील नट पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार होते. माहितीपटात ज्यांच्याकडे कॅमेऱ्याने पाहिले, ते येथे इतिहासातील माणसे म्हणून उभे राहिले.

या निवडीत एक योगायोग आहे, ज्याची फारशी दखल घेतली गेलेली नाही. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने पैसे खर्च करण्याच्या ठरावाला त्यांनी केलेला विरोध प्रसिद्ध आहे. नगराचा पैसा रोषणाईवर की गरिबांच्या शिक्षणावर, हा तो वाद होता; प्रकल्प आणि परिरक्षण यांच्यातील ताणाचेच ते जुने रूप म्हणावे लागेल. त्या नगरपालिकेच्या आजच्या वारस संस्थेचे झाडूवाले आणि कचरा वाहणारे कामगार फुल्यांचे शब्द बोलतात, तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यातील बाईपेक्षा त्यांची स्थिती निराळी असते. त्यांच्या वाक्याचा गोषवारा करणारा न्यायाधीश मध्ये नसतो.

अर्थात दोन कलाकृतींची ही तुलना ताणता येणार नाही. नाटकातील कामगार संघटित, महापालिकेच्या सेवेतील आहेत. त्यांच्यामागे कामगार संघटना उभी आहे. वासुदेव पवारमागे कोण होते, हे ‘कोर्ट’ सांगत नाही. चित्रपटाच्या अखेरीकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते. कर्मचारी एकेक दिवा मालवतात, दारे लावतात, आणि पडदा बराच वेळ काळोखा राहतो. कांबळे त्या वेळी पुन्हा कोठडीत आहे, या वेळी आणखी कडक कायद्याखाली. न्यायालयाला सुटी असते. मुंबईत मलनिःसारणाच्या खात्याचे पावसाळ्यापूर्वीचे गाळ काढण्याचे काम ऐन जोरात असते ते याच दिवसांत.